रहीमसाहेबांचा फोटो लावण्याआधी : शाळांच्या संस्थाचालकांना खुले पत्र

सन्माननीय संस्थाचालक मंडळी,



‘मैदान’ हा चित्रपट २०२४ मध्ये आला आणि फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे नाव आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा कळलं. त्याबद्दल तक्रार नाही. उशिरा का होईना, कळलं. तक्रार आहे ती त्यानंतर जे चाललंय त्याची. आता शिक्षकदिनाला, क्रीडादिनाला, स्नेहसंमेलनाला रहीमसाहेबांचा फोटो लागतो. प्रोजेक्टरवर चित्रपटातले तुकडे दाखवले जातात. माझ्यासारख्या निवृत्त क्रीडाशिक्षकाला शाल-श्रीफळ देऊन चार शब्द बोलायला सांगितलं जातं. मी बोलतो, मुलं टाळ्या वाजवतात, आणि बाहेर शाळेच्या मैदानावर कुणाच्या तरी रिसेप्शनचा मांडव पडलेला असतो.

हे पत्र कुणा एका शाळेला उद्देशून नाही. नाव घेऊन बोलण्यासारखी एकच शाळा असती तर मी थेट तिच्या कार्यालयात जाऊन बसलो असतो. ज्यांच्या हातात वेळापत्रक आहे, नेमणुका आहेत आणि मैदानाच्या फाटकाची किल्ली आहे, त्या तुम्हा सगळ्यांना हे लिहितो आहे. शब्द कुठे कडक वाटले तर ते वयाच्या खाती मांडा.

आधी माणूस कोण होता ते बघू. तुम्ही त्यांना ‘राष्ट्रीय प्रशिक्षक’ म्हणून ओळखता. ते त्याआधी मास्तर होते. जन्म हैदराबादचा, १७ ऑगस्ट १९०९चा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, खेळले आणि शाळेत नोकरीला लागले. काचिगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये, चादरघाटच्या हायस्कूलमध्ये त्यांनी मुलांना शिकवलं. शारीरिक शिक्षणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे व भारतीय संघाचे प्रशिक्षक. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हा माणूस तसा परका नव्हे. १९५६ पर्यंत आमचे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते आणि आमच्या आधीच्या पिढीतली कितीतरी मुलं शिकायला तिकडेच जात. मुंबईने तर त्यांचं काम डोळ्यांनी पाहिलं. रोव्हर्स कपात त्यांच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं कूपरेजवर येऊन कप उचलून नेला.

चित्रपटात हे सगळं थोडंफार आलं. पण मास्तरकी दाखवायला चित्रपटाला वेळ नसतो, आणि मला बोलायचंय ते तिच्याबद्दलच.

हैदराबादेत रहीमसाहेब पोरांसाठी काही विचित्र स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की पुढे द्यायचा, पायात घोळवत बसायचं नाही. दुसऱ्या एका स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचं. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने, डाव्याच्या मुलाने उजव्याने. फुटबॉलवाले याची तारीफ तंत्र म्हणून करतात, आणि ते तंत्र आहेच. पण मी हयातभर मुलांत वावरलोय, मला त्यात वर्गावर उभा राहिलेला शिक्षक दिसतो. एखाद्या मुलाला जे येत नाही, तोच सगळ्या स्पर्धेचा नियम करून टाकायचा. मग मैदानावरचा प्रत्येक जणच अडखळतो, आणि न येण्याची शरम कुणा एकट्याच्या वाट्याला जात नाही. आपल्याकडे याच्या उलट चालतं. ज्याला येत नाही त्याला कडेला बसवून बाटल्या आणि दप्तरं राखायला लावतात.

तुलसीदास बलरामची गोष्ट आणखी बोलकी आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा हा पोरगा, घरची परिस्थिती हलाखीची. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ हेरला आणि हैदराबादला सरावाला बोलावलं. पोरगा जाणार कसा? रोज इतक्या लांब जायला पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याच्या भाड्याच्या सायकलीचे पैसे स्वतः दिले. पुढे बलराम १९५६ आणि १९६० अशी दोन ऑलिम्पिक खेळला, जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकलेल्या संघात होता, आणि चुनी गोस्वामी व पी. के. बॅनर्जी यांच्या जोडीला त्याचं नाव कायमचं लागलं. २०२३च्या फेब्रुवारीत तो गेला. म्हातारपणीही ही सायकलची गोष्ट त्याच्या आठवणीत होती.

आता तुमच्या कार्यालयात हीच घटना घडली तर काय होईल, सांगा बरं. ‘मुलगा सरावाला अनियमित आहे’ असा शेरा पडेल. पालकांना चिठ्ठी जाईल. पालक येणार नाहीत, कारण त्या दिवसाची मजुरी बुडेल. मग संघातून नाव कमी होईल, आणि यात कुणी वाईट वागलं असंही म्हणता येणार नाही. सगळं नियमानुसार. मुलाची अडचण पायात नसून अम्मुगुडा ते हैदराबाद या अंतरात आहे, हे ओळखायला कुणीतरी त्याच्याशी पाच मिनिटं बोलायला हवं. ते बोलणं हे ज्याचं काम, तो माणूस आपल्या शाळांत एक तर नसतो, नाहीतर त्याला दुसऱ्याच कामाला जुंपलेलं असतं.

कोणतं काम? माझ्या क्षेत्रातल्या लोकांना विचारा. गणिताच्या बाई रजेवर, तर बदली तासाला पीटीचे सर. यू-डायसच्या सरकारी नोंदीत शाळेची माहिती भरायला पीटीचे सर. रांगा लावायला, शिस्तीला, १५ ऑगस्टच्या कवायतीला, पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायलाही तेच. दिवाळीनंतर दहावीचा पोर्शन मागे पडला की पीटीचा तास सगळ्यात आधी कापला जातो, आणि कापताना कुणाला काही वाटत नाही. त्याच दहावीच्या वर्षाच्या शेवटी क्रीडागुणांचं प्रमाणपत्र हवं म्हणून पालकांची रांगही पीटीच्या सरांच्याच दाराशी लागते. ज्या मुलाला नववीत सरावातून काढून क्लासला घातलं, त्याच्यासाठी. माफ करा, या विषयावर माझी जीभ जरा सैल सुटते.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर गेली की कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत, असंही त्यात आहे. ‘अंशकालीन’ एवढा शब्द आपण पक्का पकडून ठेवला. तासिकेवर बोलवायचं, मे महिन्यात मानधन बंद, जूनमध्ये बघू. अशा माणसाला मुलांची नावं पाठ व्हायच्या आत तो दुसऱ्या शाळेत गेलेला असतो. डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या, स्पर्धा तोंडावर आल्या की मग धावपळ, ‘कुणी फुटबॉलवाला आहे का ओळखीत?’ रहीमसाहेबांनी हैदराबादेत आणि भारतीय संघासोबत तेरा-तेरा वर्षं सलग काम केलं. तेवढा काळ एका जागी मिळाल्यावर माणूस काय उभं करतो, ते हेलसिंकी आणि मेलबर्न शेजारी ठेवून पाहा.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले काही खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतरच आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. इतक्या मोठ्या पराभवानंतर आजच्या एखाद्या शाळेने प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं, तेही व्हॉट्सअॅपवर कळवून. रहीमसाहेब राहिले. चार वर्षांनी मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. नेव्हिलनेच गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. शेवटी आपण ४-१ हरलो आणि स्पर्धेत चौथे आलो. ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉल याच्या वर कधी गेला नाही.

जकार्ताचं तर तुम्ही पडद्यावर पाहिलंच आहे, पण थोडं थांबून पुन्हा बघा. १९६२चे आशियाई खेळ. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने वगळलं, त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी जाहीर बोलले, आणि सगळं शहर भारतीयांवर उलटलं. आपल्या दूतावासावर जमाव चालून गेला. मैदानात भारतीय संघाची हुर्यो होत होती. स्पर्धेतला पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो होतो. जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले. तो बचावफळीतला, डोकं शिवलेल्या माणसाला हेडिंगच्या जागेवर उभं करणं धोक्याचं, आणि बाहेर बसवणंही परवडणारं नव्हतं. रहीमसाहेबांनी त्याला थेट पुढे, सेंटर फॉरवर्डला नेलं. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही केला. अंतिम सामन्यातला त्याआधीचा गोल पी. के. बॅनर्जीचा. दक्षिण कोरिया २-१ असा हरला. त्या संघात मूळचा कोलवाळचा आणि मुंबईत टाटाकडून खेळणारा फॉर्च्युनातो फ्रँको होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अंतिम सामन्यात त्या एवढ्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघाने भारताच्या बाजूने आवाज दिला, ही आठवण आपल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली आहे.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. प्रशिक्षक तोवर आजारी होता, आणि अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्याने पोरांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असं तेच खेळाडू सांगत. भेदरलेल्या, चिडलेल्या, जखमी पोरांपुढे कर्करोगाने पोखरलेला माणूस फळ्यावर डावपेच काढत नाही. त्यांच्याकडे काहीतरी मागतो. कुणाला काय सांगितलं म्हणजे तो उठून उभा राहील, हे वर्षानुवर्षं पोरं ओळखल्याशिवाय कळत नाही. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ला रहीमसाहेब गेले. वय ५३. आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्ण भारताने त्यानंतर एकदाही जिंकलेलं नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार तर ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी, १९८५ मध्ये सुरू झाला.

पोरं ओळखण्याचा विषय निघालाच आहे, तर आता शाळेतल्या समुपदेशकाचा मुद्दा. इथे मला तुमच्याइतकंच माझ्या बिरादरीलाही बोलायचं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार यादीत सगळ्यात वर आपला महाराष्ट्र होता. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नका, त्यांना चारचौघांत अपमानित करू नका, असंही त्यात आहे. याची अंमलबजावणी मी काही शाळांत पाहिली. जिन्याखालच्या खोलीला ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावली, आत जुने चषक आणि फुटके बाक. समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा, तीन शाळा मिळून एक. ज्या मुलाला तिथे पाठवलं, त्याला वर्गात दुसऱ्या दिवसापासून चिडवतात. मग कोण जाईल?

मुलं बोलतात ती मैदानावर. बूट काढताना, नळावर पाय धुताना, चेंडू गोळा करून जाळीत भरताना. डोळ्यांत डोळे घालायचे नसतात, म्हणून बोलणं सोपं जातं. माझ्या नोकरीच्या काळात सातवीतला एक गोलकीपर ऐन एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून सरावाला येऊ लागला. उडी मारताना एक हात वर जाईना. मी वरिष्ठांना सांगायला गेलो. उत्तर मिळालं, ‘सर, तुम्ही गोल बघा.’ शाळेत त्या वेळी ज्याच्याकडे जावं असं कुणी नव्हतं. मी त्याच्या आजीला जाऊन भेटलो, मुलगा पुढे तिच्याकडेच राहिला आणि बाह्या आखूड झाल्या. आजी खमकी निघाली म्हणून निभावलं. दुसऱ्या एखाद्या घरात माझ्या जाण्याने त्याला दुप्पट मार पडला असता.

म्हणून माझ्या क्रीडाशिक्षक बंधुभगिनींनो, रहीमसाहेबांच्या गोष्टी ऐकून उद्यापासून आपणही मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ व्हायला जाऊ नका. मूल आपल्याशी बोलतं, ही आपली जमेची बाजू. त्यापुढचं काम शिकलेल्या माणसाचं. मुलाचा विश्वास ज्याच्याकडे जातो, त्याच्या हातात त्या मुलाचं नुकसान करण्याची ताकदही जाते. मैदानाच्या नावाखाली ती वापरणारी माणसं आपल्यात निघालेली आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बंद खोलीत एकट्या मुलाशी बोलणं नको. लैंगिक शोषणाची शंका आली तर पोक्सो कायदा २०१२पासून आहे, ते गुपित म्हणून पोटात ठेवता येत नाही. आणि रात्री-बेरात्री कुणा मुलाचा फोन आलाच, तर १४४१६ हा टेली-मानसचा चोवीस तासांचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

संस्थाचालकांनो, तुमच्याकडे मागणं असं आहे. समुपदेशक नेमा, पण त्यांना जिन्याखाली बसवू नका. आठवड्यातले दोन दिवस सरावाच्या वेळी त्यांची खुर्ची मैदानाच्या कडेला ठेवा. महिना गेला की त्या खुर्चीचं मुलांना काही वाटेनासं होईल, आणि मगच तिचा उपयोग सुरू होईल. क्रीडाशिक्षक आणि समुपदेशक यांना पंधरा दिवसांतून एकदा एकत्र बसायला वेळापत्रकात एक तास द्या. कुठलं मूल गप्प झालंय, कुणाचा डबा येत नाही, कोण सरावानंतर घरी जायला टाळाटाळ करतं, हे एकाला दिसतं आणि त्यावर काय करायचं ते दुसऱ्याला कळतं. आज ती दोघं एकमेकांना स्टाफरूममध्ये नमस्कार करण्यापलीकडे ओळखत नाहीत.

नेमणूक किमान तीन वर्षांची करा. पैसे नाहीत म्हणता, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. अनुदानित शाळांची पदभरती कशी रखडते ते मी आतून पाहिलंय. पण प्रवेशद्वाराच्या कमानीला, डिजिटल फलकाला आणि वर्धापनदिनाच्या ढोलताशाला पैसे निघतात, तेही मी आतूनच पाहिलंय.

मैदान लग्नसराईला भाड्याने देता. त्या उत्पन्नावर शाळेची घंटा आणि शिपायाचा पगार चालतो, हे मान्य. निदान करारात दोन ओळी घाला : सरावाच्या दिवशी मांडव नाही, आणि खिळे-काचा वेचून मैदान साफ करून देण्याची जबाबदारी मांडववाल्याची. अनवाणी खेळणारी मुलं आपल्याकडे अजून आहेत.

मुलींच्या संघाबद्दल स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. इथे एवढंच की मैदानाजवळ कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर बारा-तेरा वर्षांच्या मुली खेळ सोडतात आणि कारण ‘अभ्यास’ असं सांगतात.

आणि जाणाऱ्या माणसाची आठवण ठेवायची तुमची पद्धत बदला. क्रीडाशिक्षक निवृत्त झाला की शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि ग्रुप फोटो. वारला की परिपाठात दोन मिनिटं शांतता. त्याच्या डोक्यात पंचवीस वर्षांच्या मुलांची जी माहिती होती ती त्याच्याबरोबर जाते. कोणत्या वस्तीतली मुलं पावसाळ्यात गळतात, कोणत्या घराशी बोलताना आईला आधी गाठावं लागतं, हे सगळं. रहीमसाहेबांच्या पद्धतीबद्दल आपल्याला जे कळतं, ते बहुतेक त्यांच्या खेळाडूंनी आठवून सांगितलं म्हणून. ते खेळाडूही आता एकेक करून गेले, पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी २०२० मध्ये, फ्रँको २०२१ मध्ये, बलराम २०२३ मध्ये. रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम, जो स्वतः १९६०च्या ऑलिम्पिक संघात होता, तोही २०२१ मध्ये गेला. तुमच्या शाळेतला जो मास्तर येत्या वर्षी निवृत्त होतोय, त्याला शेवटचे दोन महिने कवायतीतून मोकळं करा आणि नव्या माणसाला त्याच्या शेजारी बसवून वही भरून घ्या. मुलांची खासगी दुखणी त्यात लिहू नका. कामाची रीत लिहा.

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागतं. त्यात पीटीचा तास पेन्सिलने नव्हे, शाईने लिहा, आणि जानेवारीत त्यावर कुणी दुसरा विषय चढवायला आला तर त्याच्याकडे मुख्याध्यापकांची लेखी परवानगी मागा. यातलं काही तुमच्या शाळेत आधीच चालू असेल तर मला जरूर कळवा. मी स्वखर्चाने बघायला येईन, शाल नको.



आपला,
मराठवाड्यातला एक निवृत्त क्रीडाशिक्षक